कपड्याच्या रंगाचं पाणी नॅनो पावडरनं साफ करायचंय? बीकरपासून पिंपापर्यंत, हिशेबासकट

नवरात्राआधी बडोद्यात आमच्या दांडिया बाजारात घराघरांत नवीन चणिया (गरब्याचा घागरा) पहिल्यांदा बादलीत बुडतो आणि दोन मिनिटांत पाणी लालभडक होतं, मग आई ओरडते की वेगळा धू म्हणून. ते पाणी आपण मोरीत ओततो आणि विसरतो. आता हीच बादली दहा हजार लिटरची धरा आणि रोजची धरा, म्हणजे एका छोट्या डाईंग युनिटचं चित्र डोळ्यासमोर येईल. मी बरीच वर्षं एफ्लुएंटच्या, म्हणजे कारखान्याच्या सांडपाण्याच्या, लॅबमध्ये काढली आहेत, आता घरी एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्या पोरांना शिकवते, आणि दर वर्षी निदान दोन ग्रुप "काकू, नॅनोमटेरियलनं डाय रिमूव्हल", म्हणजे अतिबारीक कणांच्या पावडरनं पाण्यातला रंग काढणं, हाच विषय घेऊन येतात. विषय चांगलाच आहे, पण करायची पद्धत बहुतेकांची अर्धवट असते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून टाकतेय.

मागे एक ग्रुप नाचत आला. रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ या सुती कापडाच्या रंगाचं काळंनिळं पाणी, त्यात बोरोहायड्राईडनं बनवलेली नॅनो लोखंडाची पावडर टाकली आणि दहा मिनिटांत पाणी काचेसारखं. शंभर टक्के रिमूव्हल असं लिहूनसुद्धा टाकलेलं. मी म्हटलं स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (पाणी कुठला प्रकाश किती शोषतं ते मोजणारं यंत्र) अख्खं स्कॅन काढा, नुसतं ५९७ नॅनोमीटरवर, म्हणजे हा रंग जिथे सगळ्यात जास्त शोषतो तिथेच, बघू नका. काढलं तर ५९७ ची टेकडी गायब, पण तिकडे यूव्हीच्या बाजूला २५० च्या आसपास नवीनच टेकडी उभी. रंग गेला नव्हता, तुटला होता. कपड्याच्या रंगांपैकी निम्म्याहून जास्त रंग ॲझो जातीचे, म्हणजे दोन नायट्रोजनच्या जोडीवर त्यांचा रंग टिकलेला असतो, ती जोडी लोखंडानं तोडली की रंग दिसत नाही पण ॲरोमॅटिक अमाईन पाण्यात राहतात, आणि त्यातली काही मूळ रंगापेक्षा जास्त घातक असतात. बेंझिडीन त्यातलंच, कॅन्सर करणारं, म्हणून तर बेंझिडीनवर बनलेल्या रंगांवर आपल्याकडे १९९० च्या दशकात बंदी आली.

तर माझं पहिलं आणि शेवटचं म्हणणं एकच आहे, रंगाचा हिशेब ठेवा. वहीत एक कॉलम आखा, "रंग आता कुठे आहे". पाण्यात किती, पावडरवर किती, काचेला किती चिकटला, तुटला असेल तर कशात तुटला. हा कॉलम भरता आला तर प्रोजेक्ट झाला, नाहीतर तुम्ही फक्त पाणी पांढरं केलंत.

कुठली पावडर घ्यायची

ढोबळ मानानं तीन रस्ते आहेत. एक म्हणजे रंग पावडरला चिकटवून बाहेर काढायचा, दुसरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साईड किंवा झिंक ऑक्साईड टाकून उन्हानं रंग जाळायचा, आणि तिसरा तो वर सांगितलेला नॅनो लोखंडाचा. तिसरा एकटा वापरूच नका असं माझं स्पष्ट मत आहे, त्याच्या पाठोपाठ हवा सोडलेली जैविक टाकी असेल तरच त्याला अर्थ आहे कारण अमाईन खायचं काम तिथले जिवाणू करतात. नवशिक्यानं पहिल्या रस्त्यानं जावं. त्यातही मी मॅग्नेटाईट (लोखंडाचा काळा, चुंबकाला चिकटणारा ऑक्साईड) चढवलेला कोळसा सुचवते, कारण सामान स्वस्त, ओव्हन आणि स्टररवर काम होतं आणि मुख्य म्हणजे चुंबकानं पावडर परत निघते. बाकी कितीही भारी नॅनो पावडर असली आणि ती पाण्यातून परत काढता येत नसली तर एक प्रदूषण काढून दुसरं घातल्यासारखंच झालं ना.

एक गोष्ट आधीच समजून घ्या. या जोडीत रंग पकडायचं बरंचसं काम कोळसाच करतो, मॅग्नेटाईट हे मुख्यतः धरायचं हँडल आहे. त्यामुळे ग्रॅममागे क्षमता नुसत्या कोळशापेक्षा कमी येऊ शकते, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण रिपोर्टमध्ये लिहा.

पावडर बनवणं

सुरुवातीलाच सेफ्टी सांगते. अमोनिया फ्यूम हूडमध्येच उघडायचा, गॉगल आणि ग्लोव्हज हवेतच, आणि कोरडी नॅनो पावडर हाताळताना एन९५ मास्क. कापडी रुमाल चालत नाही. शक्यतो पावडर ओलीच हाताळा, उडतच नाही मग.

डिस्टिल्ड वॉटर दहा मिनिटं उकळून झाकून गार करा म्हणजे त्यातला ऑक्सिजन कमी होतो, नायट्रोजन सिलेंडर असेल तर उत्तमच. अशा १०० मिली पाण्यात फेरिक क्लोराईड हेक्साहायड्रेट ५.४१ ग्रॅम आणि फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट २.७८ ग्रॅम विरघळवा. हे २:१ मोलचं प्रमाण आहे, ०.०२ आणि ०.०१ मोल, आणि यातून साधारण २.३ ग्रॅम मॅग्नेटाईट मिळायला पाहिजे. फेरस सल्फेटचे खडे हिरवट हवेत. बाटली जुनी असेल आणि खड्यांवर पिवळा तपकिरी थर आला असेल तर ते आधीच ऑक्सिडाईज झालेलं आहे, प्रमाण बिघडतं आणि मग "काकू आमचं काळं का होत नाही" असे रात्री अकराला फोन येतात. नवीन बाटली आणा, फेरस सल्फेट काही महाग नाही.

यात धुऊन वाळवून चाळलेली ॲक्टिव्हेटेड चारकोल पावडर २.३ ग्रॅम टाका, म्हणजे अर्धं अर्धं होईल. अर्धा तास ढवळत ठेवा, ७० ते ८० डिग्रीला न्या, आणि मग २५ टक्के अमोनिया थेंबाथेंबानं सोडा. पीएच १० च्या वर जाऊन टिकला की थांबा, साधारण १५-२० मिली लागतं पण आकड्याकडे नाही पीएचकडे बघा. कोळसा काळाच असल्यामुळे रंगावरून काही कळणार नाही, म्हणून पहिल्यांदा कोळशाशिवाय एक छोटा बॅच करून बघा असं मी सांगते, तो शाईसारखा काळा झाला तर ठीक, तपकिरी झाला तर हवा लागली किंवा फेरस कमी पडलं.

अजून तासभर गरम ढवळा, गार होऊ द्या, बीकरच्या खाली चुंबक धरा. जुन्या हार्डडिस्कमधून काढलेला चुंबक मस्त चालतो. पावडर खाली बसली की वरचं पाणी ओतून घ्या, परत पाणी घाला, परत चुंबक. पाच-सहा वेळा, पीएच न्यूट्रल येईपर्यंत. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून पांढरं येत नाही ना बघा, येत असेल तर क्लोराईड राहिलंय, अजून धुवा. मग ६० डिग्रीला ओव्हनमध्ये रात्रभर. जास्त तापवू नका, मॅग्नेटाईट हवेत तापलं की ऑक्सिडाईज होत जातं. एक्सआरडी (स्फटिक ओळखायची क्ष-किरण चाचणी) करायला मिळालं तर ३५.५ डिग्रीच्या आसपास मुख्य पीक दिसतो, कॉपरची ट्यूब असेल तर.

रंग मोजायला शिका आधी

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि इथेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो. मेथिलीन ब्लू, म्हणजे लॅबमध्ये सरावाला घेतात तो निळा रंग, ६६४ नॅनोमीटरवर मोजा, रिॲक्टिव्ह ब्लॅक ५ हा ५९७ वर. मेथिलीन ब्लूची स्टँडर्ड सोल्युशन्स लिटरला ०.५ ते ५ मिलिग्रॅम इतकी पातळ ठेवा कारण तो रंग फार जोरात प्रकाश शोषतो, ५ च्या आसपासच ॲब्सॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचा आकडा) १ च्या वर जातो आणि पुढे तीव्रता आणि ॲब्सॉर्बन्सची रेघ सरळ राहत नाही. ब्लॅक ५ साठी २ ते २५ मिलिग्रॅम चालेल. जाड सॅम्पल आलं तर पातळ करून मोजा आणि शेवटी गुणा. बाजारातून आणलेल्या कपड्याच्या रंगात मीठ आणि इतर भर मिसळलेली असते, तेव्हा १०० मिलिग्रॅम पावडर म्हणजे १०० मिलिग्रॅम रंग नव्हे, तुमचा आकडा "डब्यातल्या रंगाचा" आहे हे लिहा.

मोजण्याआधी पावडर पूर्ण निघाली आहे ना हे बघायची सोपी युक्ती म्हणजे ८०० नॅनोमीटरवर एक रीडिंग घ्या, तिथे हे रंग जवळपास काहीच शोषत नाहीत, तरी काही आकडा आला तर कण तरंगतायत. परत चुंबकावर ठेवा. फिल्टर पेपरनं गाळायचा मोह आवरा, मेथिलीन ब्लू पेपरलाच चिकटतो आणि तुम्हाला वाटतं पावडरनं खाल्ला.

बॅच टेस्ट

५० मिली रंगाचं पाणी, लिटरला ५० मिलिग्रॅम, त्यात ०.०५ ग्रॅम पावडर. शेकर नसेल तर ओव्हरहेड स्टरर, पण मॅग्नेटिक स्टरर नको, पावडर सगळी बारलाच चिकटते आणि पोरांना दोन दिवस कळत नाही काय होतंय. ५, १०, २०, ३०, ६०, ९०, १२० मिनिटांना वेगवेगळे फ्लास्क काढा, एकाच फ्लास्कमधून सारखं सॅम्पल काढलं तर पाणी आणि पावडरचं प्रमाण बदलत जातं.

सोबत तीन फ्लास्क अजून लावायचे आणि हे चुकवायचे नाहीत. एकात नुसता रंग, पावडर नाही. एकात नुसती पावडर, रंग नाही. आणि तिसऱ्यात तेवढ्याच वजनाचा साधा कोळसा. हा तिसरा फ्लास्क लावायला लोक घाबरतात कारण मग नॅनोचं तेज कमी होतं, पण उद्या तुम्हाला डाईंग युनिटच्या शेठला पावडर विकायची असेल तर तो पहिला प्रश्न हाच विचारणार आहे.

आता हिशेब. सुरुवातीला ५० मिलीमध्ये २.५ मिलिग्रॅम रंग होता. शेवटी पाण्यात लिटरला ६ मिलिग्रॅम उरले म्हणजे ५० मिलीत ०.३ मिलिग्रॅम. नुसत्या रंगाच्या फ्लास्कमध्ये ५० चे ४८ झाले असतील तर ०.१ मिलिग्रॅम काचेनं घेतला. उरला २.१ मिलिग्रॅम, तो ५० मिलिग्रॅम पावडरवर बसला, म्हणजे ग्रॅमला ४२ मिलिग्रॅम. काचेचं धरलं नसतं तर ४४ लिहिलं असतं. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुमच्या वहीतून येतील.

मग रंगाची तीव्रता १० ते २०० मिलिग्रॅमपर्यंत बदलून तेच करा आणि लँगम्युरची रेघ (पाण्यात किती रंग उरला असताना ग्रॅमभर पावडर किती रंग धरते ते सांगणारी) बसवा. पीएच पण बदलून बघा. मेथिलीन ब्लू धन भाराचा, त्याला अल्कली बाजू आवडते, ब्लॅक ५ ऋण भाराचा, त्याला ॲसिड बाजू. मॅग्नेटाईटचा पृष्ठभाग पीएच ७ च्या आसपास भार बदलतो. पण ब्लॅक ५ साठी हावरेपणानं पीएच ३ च्या खाली जाऊ नका, लोखंड विरघळायला लागतं. दर वेळी वरच्या पाण्यात फिनँथ्रोलीन टाकून लोखंड तपासा, लालकेशरी रंग आला की ५१० वर मोजायचं.

खऱ्या पाण्याच्या जवळ जा

डिस्टिल्ड वॉटरमधला मेथिलीन ब्लू म्हणजे नेट प्रॅक्टिस. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह डाईंगमध्ये लिटरला ३० ते ८० ग्रॅम मीठ पडतं, सोडा ॲशमुळे पीएच १० ते ११ असतो, आणि जो रंग कापडावर बसत नाही तो पाण्याशी रिॲक्शन होऊन आलेला असतो, डब्यातला रंग तो राहिलेलाच नसतो. म्हणून घरगुती एफ्लुएंट बनवा: ब्लॅक ५ लिटरला ५० मिलिग्रॅम, मीठ ४० ग्रॅम, सोडा ॲश ५ ग्रॅम, ८० डिग्रीला दोन तास, गार करा, मग पातळ सल्फ्युरिक ॲसिडनं हळूहळू ७ वर आणा, फेस येतो तेव्हा मोठं भांडं घ्या. यावर तीच टेस्ट परत करा. क्षमता बदललेलीच दिसेल आणि खरा आकडा तोच धरायचा.

आणि मीठ? ते कुठलीच अशी पावडर काढत नाही. बडोद्याच्या आसपासच्या कारखान्यांचं ट्रीट केलेलं पाणी १९८३ पासून पन्नासहून जास्त किलोमीटरच्या एफ्लुएंट चॅनलनं खंभातच्या आखाताकडे जातं, कारण तेवढं खारट पाणी विश्वामित्री नदीत किंवा शेतात सोडणं परवडणारंच नाही. रंग काढला म्हणून पाणी गोड झालं असं कुणाला सांगू नका.

मला या गावाबद्दल एक वाटतं ते सांगते. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन (तंत्रशिक्षणाची संस्था) काढलं, त्रिभुवनदास गज्जरांसारखा केमिस्ट त्याच्या उभारणीत होता, आणि रंगाई हा तिथे शास्त्र म्हणून शिकवायचा विषय होता. जिथे रंग चढवायला एवढ्या लवकर शिकवलं तिथल्या पोरांना रंग उतरवायचं शास्त्र पण तितकंच पक्कं यायला पाहिजे.

उन्हानं जाळायचं असेल तर

टायटॅनियम डायऑक्साईडला ३८७ नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश लागतो आणि उन्हात असा यूव्ही जेमतेम चार-पाच टक्के असतो, तरी आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी काम होतं. लिटरला ०.५ ते १ ग्रॅम पावडर, उथळ काचेचं ताट, आधी एक तास अंधारात ढवळायचं म्हणजे नुसतं चिकटणं किती ते कळतं, मग ११ ते २ उन्हात. ताटाचं वजन करून ठेवा आणि दर अर्ध्या तासाला उडालेलं पाणी भरा, नाहीतर बडोद्याच्या उन्हात पाणी उडून उरलेला रंग घट्ट होतो आणि आकडे वेडेवाकडे येतात. पावडर न टाकलेलं एक ताट शेजारी हवंच. मेथिलीन ब्लू या कामाला वापरू नका, तो स्वतःच उजेडात फिका पडतो. आणि इथे रंग मोजून थांबायचं नाही, सीओडी किंवा टीओसी (पाण्यात एकूण सेंद्रिय माल किती उरलाय ते सांगणाऱ्या चाचण्या) करा. रंग ९५ टक्के गेला आणि सीओडी ४० टक्केच उतरला तर उरलेलं काय आहे ते तुम्हीच समजा.

त्याचं साधन नसेल तर पाणी अजून घातक आहे का ते बघायला मेथीदाणे आहेत. तीन वाट्या, प्रत्येकी दहा दाणे, एकीत साधं पाणी, एकीत रंगाचं, एकीत साफ केलेलं. तीन दिवसांनी मुळं पट्टीनं मोजा. मिठामुळेही मुळं खुंटतात, तेव्हा मीठ नसलेल्या पाण्यावरच ही टेस्ट करा किंवा तेवढ्या मिठाची चौथी वाटी लावा.

पिंपापर्यंत न्यायचं झालं तर

दिवसाला दहा हजार लिटर, लिटरला २०० मिलिग्रॅम रंग, म्हणजे रोज २ किलो रंग. ग्रॅमला ४२ मिलिग्रॅमच्या हिशेबानं रोज जवळपास ४८ किलो पावडर. नाकापेक्षा मोती जड! म्हणून नॅनो पावडर पहिल्या पायरीला कधीच टाकायची नाही. आधी फेरस सल्फेट आणि चुन्यानं जितका रंग खाली बसेल तेवढा बसवा, डोस जार टेस्ट करून (ओळीनं बीकर लावून प्रत्येकात वेगळा डोस घालून) ठरवा, रंग २० मिलिग्रॅमवर आला तर पावडर ५ किलोवर येते. तीही कागदावर, कारण पातळ पाण्यात पावडरची क्षमता घटते, तेव्हा आकडा लँगम्युरच्या रेघेवर, शेवटी पाण्यात जितका रंग उरू द्यायचाय तिथला वाचायचा.

पावडर परत वापरायची तर ब्लॅक ५ साठी ०.१ मोलर कॉस्टिकमध्ये (सोडियम हायड्रॉक्साईड) तासभर ढवळा, चुंबक, धुणं, परत वापर. २.१ मिलिग्रॅममधला समजा १.७ परत आला तर ०.४ आत अडकलाय, कॉलममध्ये लिहा. निदान पाच फेऱ्या करा आणि दर फेरीला पावडरचं वजन घ्या, चुंबकातून निसटलेली पावडर पण कुठेतरी गेलेलीच असते.

ते धुतलेलं कॉस्टिकचं पाणी मोरीत जाऊ देऊ नका, सगळा रंग आता त्यातच गोळा झालाय. ते न्यूट्रल करून ट्रेमध्ये उन्हात आटवा, चोथा आणि थकलेली पावडर ओल्या मातीसारखी घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, वर तारीख, वजन, रंगाचं नाव लिहा. युनिटमध्ये असा कचरा २०१६ च्या हॅझार्डस वेस्ट नियमांप्रमाणे साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही, तो अधिकृत टीएसडीएफ साईटला (घातक कचऱ्यावर प्रक्रिया करून तो साठवणारी जागा) मॅनिफेस्टसकट, म्हणजे कचऱ्यासोबतच्या नोंदीच्या कागदासकट, द्यावा लागतो. कॉलेजची लॅब असेल तर डबा कॉलेजच्या केमिकल वेस्टमध्ये सही घेऊन द्या आणि ती पावती वहीत त्या कॉलमच्या शेवटच्या ओळीसमोर चिकटवा.